तुळशीच्या कट्ट्यातले तीन ठोकळे

जेल रोड, नाशिक रोड
१८ ऑगस्ट २०२५

सलाउद्दीन मिस्त्री यांस,
नमस्कार.

पाकिटावरचं नाव बघून पत्र फाडू नका, आधी वाचा. पत्ता मालेगावच्या एका टाइल्सवाल्याकडून मिळवला. मी धनराज. शेवंता कन्स्ट्रक्शनचा.

कंपनीला यंदा पन्नास वर्षं झाली. आप्पा गेले, त्यांच्यामागे मुलगाही गेला. आता नात रोशनी सगळं बघते. तिला कंपनीचा इतिहास छापायचाय. जाडजूड पुस्तक, गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. आधी कुणी बाहेरचा लेखक आणला होता. त्याने पहिल्याच ओळीत 'स्वप्नांची पायाभरणी' केली. पोरीने त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि मला बोलावलं. म्हणाली, "काका, तुम्ही साइटवर चाळीस वर्षं काढलीत. तुम्ही लिहा. पण खरं लिहा."

आता मी कसला लेखक! पण बसलो. आप्पांनी निफाडला कांद्याच्या चाळी बांधायला घेतल्या तिथपासून सुरुवात केली. मग पहिलं गोदाम, पहिलं टॉकीज, मग हॉटेलं, हॉस्पिटलं, ते थेट आजच्या मॉलपर्यंत. नव्वद पानं झाली. सविता म्हणते, लग्नाआधी तरी कधी मला एवढं लिहिलं होतंत का?

तुमच्याकडे काम असं की चौऱ्याण्णव सालचा एक फोटो हवाय. आपली पहिली दहा मजली इमारत, तुमची सगळी टोळी सेंट्रिंगच्या फळ्यांवर उभी आहे आणि आप्पा खाली पेढे वाटतायत. माझी प्रत वाळवीने खाल्ली. तुमच्याकडे असेल तर पाठवा, परत करीन.

दुसरं म्हणजे, पुस्तकात २००१चं एक पान घ्यावंच लागेल. शेवंता सेंटरचा तिसरा स्लॅब पडला, आपल्याकडची मजूर कुसाबाई त्याखाली गेली, हे गाळता येणार नाही. मी चौकशीत बोललो तेच लिहिणार. स्लॅब पक्का होता. मिस्त्रीने न विचारता स्लॅबखालचे सगळे टेकू एकदम काढले. तुमचं नाव घालत नाही, नुसतं 'सेंट्रिंग मिस्त्रीच्या चुकीमुळे' एवढंच. तुम्ही वर्षभर आत काढलंत, ते पुरे झालं. जुनं उकरायची मला हौस नाही.

ठोकळ्यांचा रिपोर्ट फायलीत अजून आहे. रोशनीला परवा समजावून सांगितलं. स्लॅब भरताना त्याच मालाचे तीन सहा इंची ठोकळे भरायचे, वर नंबर टाकायचा, पाण्याच्या टाकीत ठेवायचे. अठ्ठावीस दिवस भरले की मशीनमध्ये घालून फोडायचे. किती दाबाला फुटले, ती स्लॅबची ताकद. वीस यायला हवे होते, चोवीस आले. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

फोटोचं बघा.

आपला,
धनराज

&nbsp;

११ सप्टेंबर २०२५

सलाउद्दीन,

ते तुम्ही-तुम्ही राहू दे आता.

काल आमच्या अंगणातली ड्रेनेजची लाइन तुंबली. प्लंबर म्हणाला, तुळशीचा कट्टा फोडल्याशिवाय पाइपापर्यंत पोचता येत नाही. तो कट्टा तूच बांधला होतास, आठवतं? त्याच २००१च्या नवरात्रात, एका रविवारी. सविताने दिवाळीआधी तुळशीला कट्टा पाहिजे म्हणून माझं डोकं खाल्लं होतं. मग मी साइटवरचे जुने ठोकळे टेम्पोत टाकून आणले. साइटवरचे ठोकळे घरी कोण नेत नाही सांग बरं? कुणाच्या मोरीला, कुणाच्या दाराला अडण म्हणून. आप्पांच्या बंगल्यातल्या गुलाबांनाही त्यांचंच कडं होतं. जुने उरलेले ठोकळे लॅबमागच्या ढिगात पडलेले असायचे, त्यांना कोण विचारतं?

तर प्लंबरने पहार घालून वरचे तीन सुटे केले. सविताने मातीने भरले म्हणून त्यांच्यावर बादली ओतली आणि मला हाक मारली, "अहो, आतल्या बाजूला लाल रंगाने काय लिहिलंय बघा. कुणाचं नाव आहे का?"

शे. सें. स्लॅब ३. तारीख ३-१०-०१. एकावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन.

मी ते आकडे नखाने खरवडून बघायला लागलो. प्लंबर म्हणाला, काका, रंग पक्का आहे, तो निघायचा नाही.

सलाउद्दीन, तुला मी वेगळं काय सांगू! ते तिन्ही ठोकळे अख्खे आहेत. एकाचा कोपरासुद्धा उडालेला नाही. आणि माझ्या टेबलावरच्या फायलीत कागद आहे की हेच तीन ठोकळे, हेच नंबर, ३१ ऑक्टोबरला मशीनमध्ये फोडले आणि चोवीस आले. फोडलेला ठोकळा माझ्या तुळशीखाली चोवीस वर्षं अख्खा राहील कसा? सविता रोज त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत होती रे.

म्हणजे ते कधी फोडलेच नाहीत. म्हणजे तो कागद खोटा.

मी ढिगातलेच ठोकळे उचलले होते, तुला शपथ घेऊन सांगतो. हा घोळ लॅबमध्ये झालाय. त्या लॅबवाल्या यादवने घातलाय. तो नांदगावला मुलाकडे असतो असं ऐकलंय. मी जातो आणि त्याची गचांडी धरून विचारतो. त्याला सोडणार नाही मी.

धनराज

&nbsp;

२२ सप्टेंबर २०२५

सलाउद्दीन,

नांदगावला जाऊन आलो. तुझं उत्तर नाही. नसू दे, तुला लिहिल्याशिवाय मला आता चैन पडत नाही.

यादव ऐंशीचा झालाय. मुलाच्या किराणा दुकानात खुर्ची टाकून बसतो. मला ओळखलं आणि उठून उभा राहिला, अजूनही! मी तिथेच, गिऱ्हाइकांसमोर ओरडलो, "न फोडता आकडे कसे टाकलेस रे?"

तो शांतपणे म्हणाला, "साहेब, फोडायला ठोकळे हुते कुठं? नवरात्रात टाकी धुवायला काढली हुती. मी ठोकळे बाहेर मांडले, चहा पिऊन आलो तर तीन गायब. लय शोधले. दिवस भरले तवा तुमच्याकडंच आलो सांगाया. तुम्ही म्हनले, मागच्या स्लॅबचे आकडे टाक अन् कागद आन, लोक खोळंबलेत. मंग मी टाकले."

मी म्हटलं, खोटं बोलतोस.

"खोटं बोलून आता मला काय मिळनार हाय साहेब?" असं म्हणून त्याने माझ्यासाठी गोळ्यांच्या बरणीशेजारी स्टूल ठेवलं.

परतीच्या एसटीत येवल्यापर्यंत मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. मग शिव्या संपल्या. मागच्या पत्रात मी शपथ घेतली होती ना, ती खोटी. ते ठोकळे ओले होते, सलाउद्दीन. उचलताना माझा शर्ट पुढून भिजला होता, सविता त्यावरून बोललीही होती. कोरडा ठोकळा ढिगातला, ओला ठोकळा टाकीतला, हे साइटवरच्या मांजरालाही कळतं. मला कळलं नाही, कारण कळून घ्यायचं नव्हतं. रविवार होता, टेम्पो उभा होता आणि बायको मागे लागली होती. एवढ्याशा कारणासाठी, देवा!

आणि ते दुसरं. तू न विचारता टेकू काढलेस असं मी चौकशीत सांगितलं. तू विचारलं होतंस. एक नोव्हेंबरला सकाळी माझ्या केबिनच्या दारात चपला काढून उभा होतास. तुझे शब्द आजही कानात आहेत. "धनराजभाऊ, मेरा दिल नहीं कहता. सिमेंटात गोळे होते, ओल लागलेला माल होता. दोन रांगा टेकू तरी राहू द्या." आणि मी तो कागद तुझ्या नाकासमोर नाचवला. "चोवीस आलेत. तुला इंजिनिअर कुणी केलं?" मला ते टेकू चौथ्या मजल्याला हवे होते. तुला मराठी अक्षर वाचता येत नव्हतं, पण माझा शब्द तू मानलास.

दुसऱ्या दिवशी जुम्मा होता, तू नमाजला गेलास आणि दीड वाजता स्लॅब खाली आला. कुसाबाई त्याच्या सावलीत भाकरी खायला बसली होती. लोक म्हणाले, टेकू काढून मियां पळाला. मी तिथे उभा होतो. माझ्या तोंडातून एक शब्द बाहेर पडला नाही.

आप्पा मला फक्त एवढंच म्हणाले, "धनराज, कागद चांगला आहे. कागदाला धरून राहा." आणि डिसेंबरात मी साइट मॅनेजर झालो. करून सवरून नामानिराळा, म्हणतात ना, तो मी.

धनराज

&nbsp;

९ ऑक्टोबर २०२५

सलाउद्दीन,

रोशनीला सगळं सांगितलं. त्या वेळी ती सहा वर्षांची होती, तिला 'स्लॅब' हा शब्द आजोबांच्या खोलीचं दार बंद झाल्यावर ऐकू यायचा, एवढंच तिला आठवतं. माझं बोलणं संपल्यावर तिने फाइल मागून घेऊन रिपोर्ट वाचला. मग म्हणाली, ठोकळे आणा.

बाहेरच्या लॅबमध्ये घेऊन गेलो. आपल्या कंपनीचं नाव सांगितलं नाही. दोन फोडले. पहिला मशीनमध्ये ठेवला, काटा चढायला लागला आणि सातच्या पुढे गेल्यावर कच्च्या भांड्यासारखा कुरकुर आवाज यायला लागला. दहाला फुटला. दुसरा अकराला. तिथला इंजिनिअर, तरणा पोरगा, माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, ही बिल्डिंग अजून उभी आहे का? असेल तर आधी लोकं बाहेर काढा."

मी म्हटलं, नाही, ती पडली.

काँक्रीट वयाने घट्ट होतं, हे तुला मी काय शिकवू. चोवीस वर्षं मुरून दहा, तर अठ्ठावीस दिवसांनी किती असेल? सहा? सात? गोळे झालेलं सिमेंट तू मूठभर आणून माझ्या टेबलावर ठेवलं होतंस. मी ते फुंकर मारून उडवलं होतं. ते ठोकळे वेळेवर फोडले असते तर सहा-सात आकडा आला असता आणि स्लॅबखाली चिटपाखरूही जाऊ दिलं नसतं कुणी. तो आकडा मी माझ्या घरी नेऊन तुळशीखाली पुरला.

म्हणून हे नीट वाच, नाहीतर कुणाकडून तरी वाचून घे. कुसाबाईला तू मारलं नाहीस. तू टेकू आणखी महिनाभर ठेवले असतेस तरी काढल्या दिवशी तो स्लॅब पडलाच असता. तुझा एकही टेकू चुकला नव्हता. तुझ्या हातून काहीही झालेलं नाही.

लॅबच्या बाहेर गाडीत बसल्यावर रोशनीने विचारलं, "काका, मी 'खरं लिहा' म्हटलं तेव्हा तुम्ही त्या पानावर काय लिहिणार होतात?"

मी तुला पहिल्या पत्रात जे लिहिलं होतं, तेच. 'मिस्त्रीच्या चुकीमुळे.' आणि वर म्हणे तुझं नाव गाळून तुझ्यावर उपकार करत होतो!

कंपनीचे वकील म्हणाले, गप्प बसा, चोवीस वर्षांनी कोण विचारतंय. रोशनी त्यांना म्हणाली, मग पुस्तकच काढत नाही. आणि मला म्हणाली, "ते पान छापू. त्यावर तुमचं नाव राहील. आजोबांचंही राहील. आहे तयारी?" मी हो म्हटलं. पोलीस स्टेशनलाही लेखी जबाब देऊन आलोय. तिथल्या हवालदाराने तो दोनदा वाचला आणि विचारलं, काका, घरी सगळं ठीक आहे ना?

तिसरा ठोकळा फोडला नाही. घरी आणलाय.

धनराज

&nbsp;

२३ ऑक्टोबर २०२५

सलाउद्दीन,

तुझं पत्र आलं. तुझ्या लेकीचं, अरफाचं, अक्षर मोत्यासारखं आहे. मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय.

"धनराजभाऊ, सलाम. अब्बा सांगतात तसं लिहिते. ठोकळे मीच बसवले. लाल अक्षरं मीच आत केली, वहिनींच्या तुळशीला बाहेरून बरं दिसावं म्हणून. मला तेव्हा उर्दूशिवाय काही वाचता येत नव्हतं. तुमचा राग येतोय की नाही, ते मला अजून समजत नाही. समजलं की कळवीन. पण एक गोष्ट. मी दर वर्षी दोन नोव्हेंबरला सुरगाण्याला जातो, कुसाबाईच्या मुलीकडे, भागीबाईकडे. तिला सांगतो की बेटी, तुझी आई माझ्या हातून गेली. तेवीस वर्षं सांगितलं. आता कोणत्या तोंडाने सांगू की नाही गेली? या वर्षी मी जाणार नाही. तुम्ही जा. तुम्ही सांगा."

अरे माणसा! तू दर वर्षी जात होतास? आम्ही कंपनीच्या माणसांनी त्या पाड्याचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. तू जे पाप केलंच नाहीस त्याची माफी मागायला जात होतास आणि मी दर वर्षी त्या दिवसांत त्याच कट्ट्यापुढे तुळशीचं लग्न लावत होतो, अक्षता टाकत होतो, उसाचा मांडव घालत होतो.

जातो मी.

धनराज

&nbsp;

३ नोव्हेंबर २०२५

सलाउद्दीन,

काल सुरगाण्याला जाऊन आलो. तिसरा ठोकळा पिशवीत घेतला होता. सविता म्हणाली, मीही येते. तिला नको म्हटलं. ओझं माझं होतं.

स्टँडवरून पाड्यापर्यंत चालत गेलो. भाताची कापणी चालू होती. भागीबाई खाचरात पेंढ्या बांधत होती. आईचा चेहरा जसाच्या तसा, मला बघवेना. माझ्याकडे बघून तिने पहिलं विचारलं, "चाचा नाय आला? बरा हाय ना?"

मी बांधावर उभा राहून सगळं सांगितलं. न थांबता सांगितलं, थांबलो असतो तर पुन्हा काहीतरी झाकलं असतं. ओले ठोकळे, खोटे आकडे, तू दारात उभा होतास ते, तुझ्या नमाजवरून लोक बोलले ते, माझी बढती, सगळं. ती पेंढ्या बांधतच होती. मी गप्प झालो तेव्हा तिने विळा कमरेला खोचला आणि हात पुढे केला. मी ठोकळा दिला. तिने तो दोन्ही हातांनी उचलून बघितला.

"ह्योच?"

"ह्याच्याबरोबरचे दोन फोडले. हा राहिला."

"आनि तू ह्यो घरी नेला. तुळशीला."

"हो."

मला वाटलं आता शिव्या देईल, अंगावर येईल. मी तयारीने गेलो होतो. तिचा आवाज चढलासुद्धा नाही.

"चाचा पयल्यांदा आला तवा माझ्या बापानं त्याच्यावर कोयता उगारला व्हता. मी दहा वर्साची व्हते. दुसऱ्या वर्सी पानी दिलं नाय. तिसऱ्या वर्सी पन नाय. सातव्या वर्सी बाप त्याच्याशी दोन सबूद बोलला. अकराव्या वर्सी चाचा आमच्याकडं जेवला. बाप मेला तवा खांदा द्यायला चाचा व्हता. एवढी वर्सं लागली आमाला त्याला सोडाया." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "आनि त्याचं तर कायच नव्हतं."

मी खाली मान घालून उभा होतो. रडू येत होतं पण तिच्यासमोर रडायचा मला हक्क नव्हता.

ती म्हणाली, "आता तू आला. आता तुझं पयल्यापासून."

ठोकळा तिने माझ्या पिशवीत परत ठेवला. "माझ्या घरात नको. तू नेला व्हता ना, तुझ्याच दारात ठेव. आनि पुढल्या वर्सी ये."

मग झोपडीत गेली आणि फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन आली. नागलीचं पीठ आहे, नवं. म्हणाली, "चाचाला दे. त्याला सांग, सांगाया काय नसलं तरी यायचं. मी काय त्याला त्यासाठीच बोलवत व्हते का?" आणि पुन्हा पेंढ्या बांधायला लागली.

गाठोडं या पत्रासोबत पार्सलने पाठवतोय. गाठ मी सोडलेली नाही.

ठोकळा सविताने काल रात्रीच पायरीशी ठेवला, लाल अक्षरं बाहेर करून. लोक विचारतील म्हणाली. विचारू देत. तुळस सध्या प्लास्टिकच्या बादलीत आहे, तिला बरं चाललंय. चौऱ्याण्णवचा फोटो मिळाला तर रोशनीला पाठव. तुझं नाव त्याखाली पूर्ण छापायचंय तिला.

परत येताना पाड्यापासून स्टँडपर्यंत घशाला नुसती कोरड पडली होती. वाटेत चार घरं लागली, चारही घरांच्या बाहेर हंडे भरलेले होते. मागितलं नाही.

पुढच्या वर्षी दोन नोव्हेंबरला मी जाणार. त्या वर्षीही पाणी मिळायचं नाही. दुसऱ्या वर्षी तुलाही मिळालं नव्हतं.

धनराज